यंत्रमानवाचे अश्रू आणि आमचे टीकाकार

मराठी टीकेच्या दरबारात विज्ञानकथेला आजवर दोनच प्रकारची वागणूक मिळत आली आहे. एक तर तिला दारातच अडवून ‘तू साहित्य नव्हेस’ असे सांगावयाचे. किंवा आत घेतलेच, तर हाती छडी देऊन तिला मास्तरीण करावयाचे आणि विज्ञानप्रसाराचे काम तिजकडे सोपवावयाचे. पहिली वागणूक उघड अपमानाची असल्यामुळे तिचा निषेध करणारे कोणी ना कोणी निघते. दुसरी सन्मानाच्या वेषात येते, आणि म्हणूनच आमच्या मते ती अधिक घातक आहे. जिने मुलांना कृष्णविवर म्हणजे काय ते समजावले ती कथा चांगली, जिच्यातील गणित चुकले ती वाईट, असा हा न्याय. याच न्यायाने चालावयाचे तर ‘मेघदूता’चे परीक्षण हवामानखात्याकडे पाठवावे लागेल!

जयंत नारळीकरांचेच उदाहरण घ्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आणि पत्नीच्या हस्ताक्षरात. परीक्षकांनी कीर्तीकडे न पाहता कथेकडे पाहावे, एवढाच हेतू. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे २०१४ साली साहित्य अकादमीने त्यांना पुरस्कार दिला तो मात्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. आत्मचरित्र उत्तमच आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु चाळीस वर्षे कथा लिहिणाऱ्या लेखकाचा गौरव करताना कथा बाजूस राहावी, हे सहज घडले असे आम्हांस वाटत नाही. २०२१ साली नाशिक येथील ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हाही अनेकांच्या तोंडी ‘शास्त्रज्ञाला मान मिळाला’ हेच वाक्य होते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. खगोलशास्त्रज्ञ नारळीकर आणि विज्ञानप्रसारक नारळीकर यांच्यावर भरभरून लिहिले गेले. कथाकार नारळीकर मात्र याही वेळी बहुधा शेवटच्या परिच्छेदात आले.

या उपेक्षेमागे एक प्रमेय आहे, आणि ते बहुधा उघडपणे मांडले जात नाही. यंत्राला हृदय नाही. हृदय नाही तेथे भाव नाही. भाव नाही तेथे रस नाही. आणि रस नाही तेथे साहित्य नाही. मांडणी मोठी सुबक आहे. परंतु तिची पहिली पायरीच कच्ची आहे, कारण यंत्राच्या कथेत हृदय यंत्राचे लागत नाही, वाचकाचे लागते. हे आमच्या टीकाकारांना कळण्यापूर्वी आमच्या मुलांना कळले आहे. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत वावरणाऱ्या कोणासही विचारा: ही मुले जपानी चित्रकथा, म्हणजे ज्यांना तिकडे ‘मंगा’ म्हणतात त्या, इंग्रजीतून वाचतात, पडद्यावर पाहतात, आणि त्यांतील यंत्रमानवांच्या मरणाने हळहळतात. त्यांच्या अभिरुचीला नावे ठेवण्यापूर्वी ती काय वाचतात हे एकदा पाहिले असते, तर बरे झाले असते.

त्यांतील एकच कृती येथे घेतो. ओसामु तेझुका (१९२८–१९८९) हा वैद्यकशास्त्र शिकलेला चित्रकथाकार. त्याच्या ‘आतोमु’ या बालयंत्रमानवाच्या कथा १९५२ पासून १९६८ पर्यंत चालल्या. त्या मालिकेतील १९६४-६५ मधील एक प्रकरण नाओकी उरासावा याने हाती घेतले, आणि २००३ ते २००९ या काळात त्यावर ‘प्लूटो’ नावाची आठ खंडांची स्वतंत्र कृती रचली. मूळ कथा मुलांसाठी होती: जगातील सात बलाढ्य यंत्रमानवांना एक आठवा येऊन एकेक करून नष्ट करतो. उरासावाने तिची रहस्यकथा केली. तपास करणारा युरोपच्या पोलीसदलातील गेझिश्ट नावाचा अधिकारी आहे. आणि तो स्वतः त्या सातांपैकी एक आहे. जर्मन भाषेत गेझिश्ट म्हणजे चेहरा. त्याचा चेहरा इतका माणसासारखा आहे, की तो यंत्र आहे हे वाचक पुनःपुन्हा विसरतो.

रहस्यकथा म्हटली की आमच्याकडे नाक मुरडण्याची दुसरी संधी मिळते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाचल्या सर्वांनी, आणि साहित्यात धरल्या कोणीच नाहीत. परंतु ‘प्लूटो’तील रहस्य खून कोणी केला येथे थांबत नाही. तपास मागे मागे जातो तो एका युद्धापाशी. पर्शिया नावाच्या राज्याजवळ भयंकर संहारक यंत्रे आहेत असा बोभाटा होतो, शोधपथक जाते, काही सापडत नाही, आणि तरीही युद्ध होते. २००३ साली इराकवर काय गुदरले हे ज्यास ठाऊक आहे त्यास हा भाग उलगडून सांगावयास नको. खुनी शोधता शोधता गेझिश्टला आपल्याच स्मृतीत एक भोक सापडते. त्याने आणि त्याची पत्नी हेलेना हिने एक यंत्रबालक सांभाळले होते. त्या बालकास एका माणसाने ठार केले, आणि द्वेषाने पेटून गेझिश्टने त्या माणसाचा जीव घेतला. वरिष्ठांनी त्याची स्मृती पुसून टाकली. घटना पुसली गेली. दुःख मात्र राहिले, आणि कशाचे ते न कळता रोज स्वप्नात येऊ लागले.

आता हेलेनेविषयी. गेझिश्ट मारला गेल्यावर ती शांत बसलेली असते, कारण यंत्राला रडता येत नाही. तिला एक वृद्ध शास्त्रज्ञ सांगतो की, अशा प्रसंगी माणसे रडतात; आधी नक्कल म्हणून रडून पाहा, नक्कल करता करता ते खरे होईल. ती रडण्याचा आविर्भाव करते, आणि मग तिला आवरत नाही. आमचे म्हणणे असे की, ज्या मराठी टीकेने रसचर्चेत इतकी शाई वेचली, तिला हा प्रसंग घरचा वाटावयास हवा होता. भरताच्या सूत्रावर भाष्य करताना शंकुकाने रस हा अनुकरणातून प्रतीत होतो असे मत मांडले, आणि अभिनवगुप्ताने ते खोडून काढले. नटाचे रडे खोटे असताना प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी खरे कसे येते, हा तो जुना प्रश्न. उरासावाने तो प्रश्न उलटा करून विचारला: रडणारा स्वतःच्या खोट्या रड्याने स्वतःच खरा होऊ शकतो काय? दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मिरी पंडितांना या चित्रांपुढे बसविले असते तर ते रात्रभर भांडले असते. आमचे पंडित मुखपृष्ठावर यंत्रमानव पाहून पुस्तक खाली ठेवतात.

‘परंतु ही तर चित्रांची पुस्तके!’ असा आक्षेप येथे येईल. येऊ द्या. वऱ्हाडच्या माणसाने तरी तो घेऊ नये. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा म्हणजे आजचे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात करविले. त्या लेण्यात भिंतीवर नंदाची कथा आहे. नंद बुद्धामागे गेला. त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला. तो पाहताच त्याची पत्नी सुंदरी मूर्च्छित होऊन कोसळते आहे. जगभरचे रसिक ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून हे चित्र पाहावयास येतात. ही चित्रांनी सांगितलेली कथा आहे, ती प्रौढांसाठी आहे, आणि तिचा खर्च वऱ्हाडच्या राजवटीने सोसलेला आहे. चित्र आले की वाङ्मय पोरकट होते हा सिद्धान्त आम्ही कोठून आणला, ते शोधण्यासारखे आहे. अजिंठ्याहून खास नव्हे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. यंत्रमानव ही पाश्चात्त्यांची कल्पना, ती आपल्या मातीत रुजत नाही, असे म्हणतात. याला एक उत्तर पुराणाभिमानी देतात: आमच्याकडे सर्व काही पूर्वीच होते! त्या उत्तराशी आम्हांस कर्तव्य नाही. ‘कथासरित्सागरा’त राज्यधर नावाच्या सुताराने एकाकी नगरीत आपल्याभोवती हालत्या-चालत्या लाकडी माणसांचा परिवार उभा केल्याची गोष्ट आहे; तिच्यावरून प्राचीन भारतात कारखाने होते असे सिद्ध होत नाही. एकट्या माणसाला सोबत हवी असते एवढेच सिद्ध होते, आणि साहित्याला तेवढे पुरे आहे.

आमचे उत्तर निराळे आहे, आणि ते शब्दातच दडलेले आहे. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून जगभर पसरला. त्याचे मूळ ‘रोबोता’. बोहेमियातील कुळांना जमीनदाराच्या शेतावर जे फुकट राबावे लागे, त्याचे ते नाव. मराठीत त्याला नेमका, जुना, सोसलेला शब्द आहे: वेठ. रोबॉट म्हणजे वेठीस धरलेला. आम्ही त्याचे भाषांतर ‘यंत्रमानव’ असे केले आणि त्यातील सारी वेदना धुऊन टाकली. यंत्र आले, मानव आला, वेठ गेली! हाच शब्द पहिल्यापासून वेठीशी जोडला गेला असता, तर ही कल्पना परकी आहे असे म्हणण्याचे धाडस निदान ज्या मुलखात सालदार राबले त्या मुलखातील कोणी केले नसते. चापेकच्या नाटकातील रोबॉट लोखंडाचे नाहीतच. ते एका रासायनिक द्रव्यापासून बनविलेले देह आहेत, आणि नाटकाच्या अखेरीस त्यांपैकी दोघे एकमेकांसाठी मरण पत्करावयास उभे राहतात. त्यांतील स्त्रीचे नाव हेलेना. उरासावाच्या नायिकेचेही तेच असावे, हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

मराठीत या वाटेने कोणी गेलेच नाही काय? गेले. नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा पाहा. वस्तू अवकाशात फिरून आली तर तिचे डावे-उजवे बदलू शकेल, हे भूमितीचे शुष्क कोडे. ते त्यांनी गणपतीच्या सोंडेवर आणून ठेवले, आणि मराठी वाचकाला ते घरातले झाले. यंत्रमानवाची कथा म्हणाल तर गेल्या शतकाच्या नवव्या दशकातील त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आहे. एका वैज्ञानिक प्रयोगासाठी खोल खणताना एक गूढ पेटी सापडते. ती एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने ठेवलेली असते. तिच्यातील ज्ञानाच्या आधाराने वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. ती संस्कृती नष्ट का झाली, हे रहस्य. आणि वामनाला हवे असते ते आपल्यासारखे दुसरे घडविण्याचे सामर्थ्य. नावाची योजना किती मार्मिक आहे पाहा: तीन पावले मागणाऱ्याला आपण लहान समजतो, आणि दान दिल्यावर पाय ठेवावयास जागा उरत नाही.

स्तुती करून थांबलो तर आमच्यात आणि छडीवाल्यांत फरक राहणार नाही. म्हणून दोषही सांगतो. वामनाला वंश हवा आहे. मनुष्याच्या सर्व वासनांत याहून अधिक मानवी वासना कोणती? नवससायासांची आमची सारी लोकगीते याच एका दुःखावर उभी आहेत. परंतु कादंबरीचे सारे लक्ष त्या इच्छेच्या परिणामांकडे आहे. ती इच्छा वामनाला आतून कशी वाटते, या खोलीत लेखक फारसा पाऊल ठेवीत नाही. उरासावाचा यंत्रमानव आपल्या मेलेल्या मुलाचे स्वप्न पाहतो; नारळीकरांचा वामन आपल्या न झालेल्या मुलाचे स्वप्न पाहताना आम्हांस दिसत नाही. हा लेखकाच्या प्रतिभेचा दोष थोडा, आणि त्याच्याभोवतीच्या टीकेचा अधिक. ज्या लेखकाला पंचवीस वर्षे ‘यातले विज्ञान बरोबर आहे का?’ एवढेच विचारले गेले, ‘वामनाला काय वाटले?’ असे कोणी विचारलेच नाही, त्याने ती खोली उघडावी तरी कोणासाठी?

या संदर्भात रिद्धपूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. अमरावती जिल्ह्यातील या गावी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि २०२४ साली तेथेच मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केशोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. त्यांची मांडणी ठरलेली: सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक म्हणजे त्याचा अर्थ. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट लोकांनी सात शतके सांगितली. तिच्या मागचे सूत्र आणि पुढचे दार्ष्टान्तिक अभ्यासकांवाचून किती जणांस ठाऊक आहे? गोष्ट आपल्या अर्थाहून अधिक जगते. विज्ञानप्रसारकांचा हट्ट असा की, विज्ञानकथेने सूत्र आणि दार्ष्टान्तिक तेवढे पोचवावे, हत्ती नसला तरी चालेल! ‘मोठ्या मेंदूचे यंत्र कसे चालते’ हे सांगणारा लेख हवा असेल तर लेख लिहावा. कथा मागितली असेल तर हत्ती दाखवावा लागेल.

वऱ्हाडच्या रानात हा हत्ती उभाच आहे. यंत्राने माणसाचे काय होते हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. कापसासाठी आगगाडी आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आणि घरोघर हाताने सरकी काढणाऱ्या बायांचा धंदा बसला. त्या बायांवर कथा नाही. कापसासाठीच मूर्तिजापुराहून एका बाजूस यवतमाळपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस अचलपुरापर्यंत अरुंद रूळ पडले. त्यावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावले. मालकी विलायती कंपनीची, डबे मोडके, वेग बैलगाडीला हसण्यापुरता. आणि तरी लोकांनी तिला नाव दिले ‘शकुंतला’. ती बंद पडली तेव्हा गावोगावची माणसे घरातले माणूस गेल्यासारखी बोलत होती. यंत्राविषयी भाव उत्पन्न होत नाही असे म्हणणाऱ्या रसिकाने एकदा अचलपुरास जाऊन त्या गाडीची चौकशी करावी.

हे झाले जुने. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. पाठीवर पंप, तोंडाला फार तर एखादे फडके, आणि माणसाच्या उंचीची कपाशी. आता फवारणीचा ड्रोन आला आहे. कापूस अजून हातांनीच वेचला जातो, पण वेचणीची यंत्रे येतील असे सर्वजण धरून चालले आहेत. येथे कथा नाही असे कोण म्हणेल? ज्या माणसाच्या जागी ते उडते यंत्र आले, त्याला मरण कोणी दिले: औषधाने, ते विकणाऱ्याने, ते वापरावयास लावणाऱ्या किडीने, की कर्जाने? ही रहस्यकथाच आहे, आणि तिचा तपास ‘प्लूटो’प्रमाणे मागे मागे जात जाईल. त्या चित्रकथेत खुनी म्हणून ज्याचा शोध चालतो, त्या राक्षसी देहात मुळात साहाद नावाचा यंत्रमानव कोंडलेला आहे. वाळवंटात फुले फुलवावीत म्हणून तो परदेशी शिकावयास गेला होता. कोरडवाहू मुलखातील वाचकाला हे पात्र परके वाटेल, असे आम्हांस तरी वाटत नाही.

आणि ते यंत्र बोलेल कोणत्या भाषेत? वऱ्हाडीत बोलले तर लोक हसतील, अशी भीती आम्हांस एका लेखकमित्राने बोलून दाखविली. भीती साधार आहे. रंगभूमीने आणि चित्रपटाने वऱ्हाडी बोलीला हशा मिळविण्याच्या कामी जुंपले आहे. तीही एक प्रकारची वेठच. परंतु उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिक याच बोलीत बोलते, आणि तिच्या एकाही वाक्याला कोणी हसलेले नाही. बोलीला दुःख पेलते की नाही हा वाद तेव्हाच मिटला. यंत्राला दुःख पेलते की नाही, एवढाच आता उरला आहे.

तो टीकालेखांनी मिटावयाचा नाही; आम्ही लिहितो आहोत ते दारावरचा अडसर काढण्यासाठी. रिद्धपूरच्या विद्यापीठाने ‘वामन परत न आला’ साहित्याच्या वर्गात ‘धग’च्या शेजारी ठेवावी, आणि परीक्षेत तिच्यातील विज्ञानावर एकही प्रश्न विचारू नये. मासिकांनी विज्ञानकथा दिवाळी अंकातील मुलांच्या पानांतून बाहेर काढावी. चित्रकारांना मानधन लेखकाइतकेच द्यावे, कारण अशा कथेत अर्धे बोलणे त्यांचे असते. आणि ज्या तरुणांनी जपानी मंगांची आठ-आठ पुस्तके रात्री जागून वाचली आहेत, त्यांपैकी कोणी फवारणीच्या यंत्राची ती रहस्यकथा वऱ्हाडीत लिहावयास बसलाच, तर तपास-अधिकारी मूर्तिजापूरच्या ठाण्यातला घ्यावा की यवतमाळच्या, हे त्यानेच ठरवावे. आमचे मत मूर्तिजापूरच्या बाजूचे आहे; तेथे निदान स्टेशनावर बसून विचार करावयास जागा आहे.